गरुडच्या पेटीतले नारळ

१

गंगुबाईंनी पेटीत हात घातला, बबल रॅपमधला एक गोळा बाहेर काढला, टराटरा फाडला आणि किंचाळल्या, "आगं बया! ह्यो तर नारळ!"

हातातून सुटून तो परत पेटीत पडला. चांगला सोललेला, गुळगुळीत, तीन डोळे वटारून आमच्याकडे बघणारा नारळ. खाली तसेच गुंडाळलेले आणखी गोळे. हेल्मेट नाही, जॅकेट नाही, हातमोजे नाहीत, टाकीवर लावायचा चांदीचा बिल्लाही नाही.

आणि माझी भाची ऐश्वर्या पेटीची किल्ली हातात घेऊन उभी, चेहरा पांढराफटक.

आता मी कोण ते सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई मधेच कुठून उपटली. मी वासंती, राहणार नौपाडा, ठाणे. आख्खी नोकरी विमानतळावर कस्टम्समध्ये लोकांच्या बॅगा उघडण्यात गेली. निवृत्त झाले तरी बंद पेटी दिसली की हात शिवशिवतात. ऐश्वर्या माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, घोडबंदर रोडवरच्या या मोटरसायकल शोरूममध्ये डिलिव्हरीचं बघते. नोकरी नवी, अजून कायमसुद्धा झालेली नाही. आज तिच्या हातून पहिली 'गरुड' बाहेर पडणार होती. "मावशी, तू यायचंच," म्हणाली. मीही पैठणी नेसून आले. दारात शिरतानाच टेस्ट राइडच्या गाडीला पदर अडकला. गाडीच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमचे एवढाले पेटारे! पैठणीचा दोरा निघाला आणि माझं डोकं तिथूनच फिरलं होतं.

गरुड म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे. पहिल्या गाड्या घेणाऱ्यांनाच कंपनीकडून लोखंडी पेटीतून हे खास किट मिळतं. नंतर हवे तेवढे पैसे ओता, मिळत नाही. म्हणून तर कल्याणच्या बाजारात कांद्याचा घाऊक व्यापार करणारे उत्तमराव गेले कित्येक महिने या पेटीची वाट बघत होते. गंगुबाई त्यांच्या आई, मूळच्या जुन्नरकडच्या.

शोरूमची रीत अशी की गाडीची पूजा करायची, रिबिनीत बांधलेल्या पेटीसोबत फोटो काढायचा आणि पेटी बंदच टेम्पोतून घरी पाठवायची. पण गंगुबाई ऐकेनात. "नवी वस्तू हाय, हळदकुंकू लागल्याबिगर घरात न्ह्यायची न्हाई. टोपीला लावनार, कोटाला लावनार, समद्याला लावनार. उघडा!" म्हणून ऐश्वर्याने कुलूप काढलं, आणि पुढचं तुम्ही ऐकलंच.

मी काय केलं? पेटीचं झाकण धाडकन लावलं आणि वर बसले. माझं वजन असं आहे की मी बसले की पेटी कुणाला हलवता येत नाही.

"कुणी हात लावायचा नाही!" मी म्हटलं.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून मॅनेजर विनीत आत आला. तो बाहेर फुटपाथवर फोनवर बोलत होता.

"काय झालं? कसला आरडाओरडा?"

"नारळ!" गंगुबाई परत ओरडल्या. "पेटीत नुसतं नारळ!"

विनीतने पेटीकडे पाहिलं, मग ऐश्वर्याकडे, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "ऐश्वर्या, किट कुठे आहे?"

२

"सर, मी नाही घेतलं," ऐश्वर्या म्हणाली.

"किल्ली कोणाकडे होती?"

"काल संध्याकाळी मी आणि सर्वेशने सगळं चेक करून पेटी बंद केली. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. सकाळी आले, काढली."

"शटर बंद करून शेवटी कोण गेलं?"

"मीच."

"आणि काल जॅकेट घालून स्टेटसला फोटो कोणी टाकलेला?"

ऐश्वर्या रडायलाच लागली. टाकला होता. मी बघितला होता आणि अंगठासुद्धा दिला होता. कसली गोड दिसत होती त्या जॅकेटमध्ये! तिला काय ठाऊक की तोच फोटो गळ्याशी येणार आहे.

उत्तमराव तापले. "ओ मॅनेजर, मला काय पडलंय कोणी घेतलं त्याचं? माझं किट पाहिजे. नाहीतर इथनं सरळ पोलीस स्टेशन!"

"पोलीस कशाला साहेब," विनीत एकदम मवाळ झाला. कपाळाला गंध, मनगटावर लाल गंडा, बोलणं तुपासारखं. "मालक मानपाड्याहून निघालेत. ते यायच्या आत मी सोक्षमोक्ष लावतो. ऐश्वर्या, तू लिहून दे की चूक झाली आणि नोकरी सोड. पोलिसांत जाणार नाही, माझा शब्द."

लिहून दे म्हणे! चोर म्हणून लिहून दिलेल्या पोरीला उद्या कोण दारात उभं करणार? नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण नाव गेलं की परत येत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ती काही लिहून देणार नाही," मी पेटीवरूनच म्हटलं. "मालक येईपर्यंत वेळ आहे ना? मग मला चार प्रश्न विचारू द्या."

"तुम्ही कोण?"

"चोराची मावशी," मी म्हटलं. "तुमच्या मते."

उत्तमराव हसले. गडी तापट होता पण मनाचा सरळ. "विचारू द्या की ओ. किट सापडल्याशी मतलब."

मी आधी विनीतलाच धरलं. "कॅमेरे आहेत?"

"गेटवर आहे. मी आत्ताच मोबाईलवर बघितलं. कालपासून बाहेरचं कुणी आलेलं नाही, कुणी काही घेऊन गेलेलं नाही."

"ऐश्वर्या काल काय घेऊन गेली?"

"पर्स."

"दाखव गं पर्स."

ऐश्वर्याने दाखवली. मोबाईल आणि लिपस्टिक घातली की भरून जाईल एवढीशी. "हिच्यात हेल्मेट मावतं?" मी विचारलं.

"इथेच कुठेतरी लपवलं असेल. नंतर न्यायचं असेल."

"अगदी बरोबर बोललात," मी म्हटलं. "म्हणजे माल अजून इथेच आहे."

विनीतचे डोळे क्षणभर दाराकडे गेले. दाराशी सोफ्यावर एक देखणा पोरगा कोल्ड कॉफी पीत बसला होता. तो शौनक. पलीकडे जे मोठे टॉवर उठतायत त्या बिल्डरचा मुलगा. त्यानेही गरुड बुक केली होती, पण उशिरा.

"सर, माझी टेस्ट राइड?" त्याने विचारलं. "पप्पांना घरी दाखवून आणतो म्हटलेलो."

"दोनच मिनिटं," विनीत म्हणाला.

मग मी सर्वेशला बोलावलं. सर्वेश इथला मेकॅनिक, डोंबिवलीचा. हात ग्रीसने माखलेले.

"सकाळी सगळ्यात आधी कोण आलं रे?"

"विनीत सर. रोज तेच येतात काकी. गणपतीची पूजा त्यांच्याशिवाय कुणी करायची नाय. फुलं, निर्माल्य, कशाला हात लावू देत नाय. संध्याकाळी निर्माल्याची पिशवी पण स्वतः घेऊन जातात, कलशात टाकायला."

"आणि तू काय करत होतास?"

"मला कुठं फुरसत? आल्या आल्या सर बोलले, टेस्ट राइडच्या गाडीला पेटारे लाव. आता टेस्ट राइडला कोण पेटारे लावतं सांगा! लावले रिकामे, आणि गेलो हॉल सजवायला."

पैठणीचा दोरा आठवून मला परत राग आला. तेव्हा एवढंच वाटलं. काय सांगू, कधी कधी डोळ्यासमोर असतं आणि माणूस पदराचं दुःख करत बसतो.

"आणि पेटी हॉलमध्ये कोणी आणली?"

"मीच. जड होती ना, म्हणून संशय नाय आला."

जड होती. म्हणजे नारळ वजनासाठी भरलेले. नारळ आले कुठून हे विचारायची गरजच नव्हती. गणपतीच्या शेजारी टोपली भरून नारळ होते, प्रत्येक गाडीच्या पूजेला एक. मी मान वळवून टोपलीकडे पाहिलं. सगळ्या नारळांना झुबकेदार शेंड्या.

आणि माझ्या पेटीतल्याला नव्हती. डोकं भणभणायला लागलं. ज्याने घाईघाईत, कुणी यायच्या आत हा उद्योग केला, तो माणूस एकेका नारळाची शेंडी उपटत का बसला असेल?

३

उत्तर आलं ते गंगुबाईंमुळे. त्या ताट घेऊन तिष्ठत होत्या, निरांजन विझत आलं होतं. पुटपुटल्या, "शेंडीचा नारळ म्हंजी द्येवाचा. शेंडी काढली की सैपाकाचा."

त्या टोपलीकडे बघून स्वतःशीच बोलत होत्या. विनीत तेव्हा पार पलीकडे शौनकला गाडीची किल्ली देत होता. पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असा पडला की मी पेटीवरून पडायचीच बाकी राहिले!

विनीत परत येईपर्यंत मी चेहरा सरळ केला. गंगुबाईंनी आरडाओरडा करून त्याला सांगितलं ते फक्त 'नारळ'. नारळ कसले, ते पेटी उघडली तेव्हा हॉलमध्ये असलेल्यांनाच ठाऊक. तो आला तेव्हा झाकणावर मी होते.

"विनीत," मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "मुहूर्त टळतोय. चोर सापडेल तेव्हा सापडेल, या माउलीची पूजा तर उरकू. तुमचा हात शुभ. या पेटीतलाच एक नारळ काढते, गाडीसमोर फोडा."

"छे छे! काहीतरीच काय काकू?" विनीत पटकन म्हणाला. "बिनशेंडीचा नारळ पूजेला कसा चालेल? टोपलीतला घ्या."

आहाहा! कान तृप्त झाले माझे!

"बिनशेंडीचा?" मी विचारलं. "तुम्ही कधी बघितलात?"

त्याच्या कपाळावर गंध होतं तिथे घाम फुटला.

"सर, तुम्ही तर बाहेर होता," ऐश्वर्या हळूच म्हणाली. डोळे पुसायचे विसरून ती त्याच्याकडे बघत होती.

"अंदाजाने म्हटलं मी," विनीत म्हणाला.

"मग मीही अंदाजाने सांगते," मी पेटीवरून उठले. "ऐश्वर्याने हे केलं असतं ना, तर टोपलीतले नारळ उचलून तसेच कोंबले असते. या पोरीला शेंडी असली काय नि नसली काय, फरक कळत नाही. चोरी करतानासुद्धा ज्याला पूजेचा नारळ पापाला वापरायची भीती वाटली, असाच माणूस एकेकाची शेंडी काढेल. देवाचा नारळ आधी स्वयंपाकाचा करायचा आणि मग चोरीला लावायचा. बरोबर?"

"भाविक काय मी एकटाच आहे? हा सर्वेश नाही भाविक?"

"आहे की. पण भाविक माणूस उपटलेली शेंडी टाकेल कुठे? केराच्या डब्यात नाही टाकवणार त्याला. सर्वेश, ती निर्माल्याची पिशवी आण."

"निर्माल्याला हात लावायचा नाही!" विनीत ओरडला.

हे ओरडणं सर्वेशलाही पुरलं. त्याने आधी हात धुतले, गणपतीला नमस्कार केला आणि पिशवी आणून माझ्यासमोर उघडली. वर ताजी जास्वंद, दूर्वा. खाली तपकिरी शेंड्यांचा झुबकाच्या झुबका.

"आज अजून एकही नारळ फुटलेला नाही," मी म्हटलं. "कालचं निर्माल्य तुम्ही कालच नेलंत. मग इतक्या शेंड्या आल्या कुठून? आणि या पिशवीला तुमच्याशिवाय कोण हात लावतं?"

उत्तमराव बाह्या सरसावून पुढे आले. "आता बोला मॅनेजर."

विनीतने सावकाश श्वास घेतला आणि, खरं सांगते, तो चक्क हसला. "शेंड्या सापडल्या. पण किट कुठंय? शोधा की. माझी केबिन, कपाट, सगळं उघडा. सापडलं तर बोला, नाहीतर मी तुमच्यावरच बदनामीची केस टाकीन."

माल इथे असता तर तो हसला नसता.

आणि त्याच वेळी बाहेर गुरगुर झाली. टेस्ट राइडची गरुड सुरू झाली होती. शौनकने पाय उचलला आणि गाडी रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ते एवढाले पेटारे.

रिकामे लावले होते. नंतर कोणी भरले?

"पकडा!" मी किंचाळले. "त्या गाडीला पकडा! सगळं तिच्यात आहे!"

४

सर्वेश गोफणीतून सुटल्यासारखा पळाला. मागून उत्तमराव, त्यांच्या मागे ऐश्वर्या, तिच्या मागे मी पैठणी गुडघ्यापर्यंत उचलून, आणि सगळ्यात शेवटी ताट सांभाळत गंगुबाई. "आरं थांबा की! दिवा इझंल!"

मोटरसायकलच्या मागे पायी पळणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण घोडबंदर रोड होता. बस, डंपर, कंटेनर, गाड्या, सगळे एकमेकांना चिकटून हॉर्न वाजवत उभे. आयुष्यभर त्या ट्रॅफिकला शिव्या घालत आले मी, त्या दिवशी पहिल्यांदा हात जोडले!

तरी धाकधूक होतीच. अशा गर्दीत दुचाकीवाले सटासट निघून जातात. आमच्यासमोरून एक डिलिव्हरीवाला स्कूटरवरून बस आणि कंटेनरच्या फटीतून सुळकन गेला. त्याच्यामागून दुसरा गेला. आणि त्यांच्यामागे शौनकने गरुड त्याच फटीत घातली.

मी डोळेच मिटले.

खण्णकन आवाज आला. उघडून बघते तर गरुड अडकली होती! डावा पेटारा बसला घासलेला, उजवा कंटेनरला टेकलेला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. ज्या पेटाऱ्यांत माल दडवला त्यांनीच गाडी धरून ठेवली. मघाशी पैठणी फाडली म्हणून शिव्या दिल्या होत्या त्यांना, सगळ्या परत घेतल्या.

सर्वेशने हॅन्डल धरलं. शौनक गोंधळून आमच्याकडे बघत होता. "काय झालं? मी काय केलं?"

"पेटारे उघड," मी धापा टाकत म्हटलं.

"पण सर बोललेले घरी जाऊनच उघड. सरप्राइज आहे, किट अरेंज केलंय म्हणून." पोरगा खरंच साधा होता. त्याने गाडीची किल्ली काढून डावा पेटारा उघडला.

आत हेल्मेट. काळंभोर, उन्हात झळाळणारं. उजव्यात जॅकेट, हातमोजे आणि छोट्या डबीत चांदीचा बिल्ला.

"सापडलं!" ऐश्वर्या ओरडली आणि भर रस्त्यात माझ्या गळ्यात पडली. बसच्या खिडक्यांतून लोक बघायला लागले. एकाने तर काही न कळताच टाळ्या वाजवल्या. मी रडत होते की हसत होते, मलाच सांगता यायचं नाही.

"हे चोरीचं होतं?" शौनकचा चेहरा उतरला. "आई शप्पथ आंटी, मला नव्हतं माहीत."

"माहीत असतं तर एवढ्या निवांतपणे कॉफी पीत बसला नसतास," मी म्हटलं. "चल, गाडी मागे घ्यायला मदत कर."

५

शोरूममध्ये परतलो तर मालक त्र्यंबकराव नुकतेच पोचले होते, घामाने निथळत. गाडी ट्रॅफिकमध्ये सोडून चालत आले होते. विनीत गणपतीसमोर खुर्चीत बसला होता, मान खाली.

"मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं सर," तो मालकांना म्हणाला. "शौनकच्या वडिलांनी शब्द टाकलेला. त्यांच्या टॉवरमधली सगळी गिऱ्हाइकं आपल्याकडे आली असती. मला वाटलं, पेटी बंदच कल्याणला जाईल. तिकडे उघडली तर बोल टेम्पोवाल्यावर जाईल. इथे उघडतील असं कुठे वाटलं होतं?"

"आणि इथे उघडली तेव्हा बोल हिच्यावर टाकलास," मी म्हटलं.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"एक सांग मला. शेंड्या का काढल्यास?"

त्याने गणपतीकडे पाहिलं. "देवाच्या नावाने आणलेले नारळ होते ते काकू. तसेच वापरले असते तर पाप लागलं असतं."

त्याच्यावर मी इतका वेळ आवाज चढवला नव्हता, तेव्हा चढवला. "नारळाचं पाप लागतं तुला? आणि या पोरीला चोर ठरवत होतास, लिहून दे म्हणत होतास, तिचं पाप कुठे जाणार होतं रे? नारळाला शेंडी होती म्हणून घाबरलास. तिच्या अब्रूची नाही वाटली भीती?"

त्र्यंबकरावांनी चष्मा काढून पुसला. मग ते ऐश्वर्याकडे वळले. "बाळा, ज्यांच्यासमोर तुझ्यावर आळ घेतला, त्या सगळ्यांसमोर मी माफी मागतो. आणि उद्यापासून तू इथे कायम. विनीतचं काय करायचं ते मी आणि पोलीस बघू."

"आता पुरं झालं बोलनं," गंगुबाई म्हणाल्या. त्यांनी निरांजन परत पेटवलं. हेल्मेटला कुंकू लावलं, जॅकेटला लावलं, बिल्ल्याला लावलं, उत्तमरावांच्या कपाळाला लावलं. मग टोपलीतला चांगला शेंडीचा नारळ उचलला आणि तो ऐश्वर्याच्या हातात दिला.

"मी?" ऐश्वर्या म्हणाली. "मी कधी फोडला नाही आजी."

"आमच्यात बाई नारळ फोडत न्हाई. पन आज तूच फोडायचा. माझ्या लेकाची गाडी तुझ्या हातनं निघू दे."

पहिल्या घावाला नारळ ढिम्म हलला नाही. दुसऱ्याला चीर गेली. तिसऱ्याला असा फुटला की पाणी उडून सर्वेशच्या तोंडावर! सगळे खदाखदा हसले, ऐश्वर्या सगळ्यांत जास्त. तिने खोबऱ्याचे तुकडे केले, सगळ्यांना वाटले. शौनकलाही दिला. मग जरा थांबली, आणि विनीतसमोर जाऊन त्याच्या हातावरही एक तुकडा ठेवला. मी अडवणार होते. नाही अडवलं. प्रसाद आहे, नाही कुणाला म्हणायचं?

उत्तमरावांनी जॅकेट चढवलं. गरुड सुरू झाली आणि काचा थरथरल्या. गंगुबाईंनी कुंकू लावलेलं हेल्मेट पदरावरून घातलं आणि पोराच्या मागे ऐटीत बसल्या. "कल्यानपातूर मी जानार," म्हणाल्या, "मंग तू कुठं जायाचं तितं जा." आम्ही सगळे टाळ्या वाजवत त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. या गाडीला पेटारे नव्हते. बस आणि कंटेनरच्या फटीतून ती सुळकन निघून गेली.

परत आत आलो तेव्हा विनीत तिथेच खुर्चीत होता. खोबऱ्याचा तुकडा त्याने तोंडात टाकला नव्हता. नुसता मुठीत घट्ट धरून बसला होता.